नायकाच्या मनात गाव कसे शिरते

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. धानपट्ट्यातील एका गावावर तुम्ही नाटक लिहिले आहे. नागपूरला शिकणारा तरुण वडिलांच्या मृत्यूनंतर गावी परततो. वडील सहकारी सोसायटीचे अध्यक्ष होते आणि ते बोडीत, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यात, पाय घसरून बुडाले असे सारे गाव सांगते. प्रत्यक्षात तो मृत्यू घडवून आणलेला होता आणि तो घडवणारा काका आज अध्यक्षाच्या खुर्चीवर बसला आहे. कथानकाचा साचा शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'वरून घेतल्याचे तुम्ही मोकळेपणाने सांगितले आहे. तालमीत मात्र दिग्दर्शकाची तक्रार आहे की नायक तिसऱ्या अंकापर्यंत नुसता बोलतच राहतो, भित्रा वाटतो, आणि गावातील भ्रष्टाचार मागच्या पडद्यावर रंगवलेल्या देखाव्यासारखा दूरच राहतो. भ्रष्ट समाज शोकनायकाच्या अंतर्द्वंद्वाला आकार कसा देतो आणि तो रंगमंचावर कसा दाखवावा, हे तुम्ही विचारले आहे.

वडसा-देसाईगंज भागातील मंडळ्यांसाठी मी वर्षानुवर्षे नाटके बसवली आहेत, आणि नवे लेखक हमखास अडतात ती हीच जागा आहे. चांगला माणूस एका बाजूला, बिघडलेले गाव दुसऱ्या बाजूला आणि मध्ये झुंज, अशी मांडणी केली की नाटकात भांडण उभे राहते, अंतर्द्वंद्व उभे राहत नाही. ज्या गावाशी आपले काहीच देणेघेणे नाही त्याच्याविरुद्ध उभे राहायला धैर्य लागते, पण त्याने मन दुभंगत नाही. मन दुभंगते ते, नायकाला जे जे प्रिय आहे त्यात त्या भ्रष्ट व्यवस्थेचा वाटा निघतो तेव्हा. आणि तिच्याशी लढायला त्याच्या हाती जी हत्यारे येतात ती तिनेच घडवलेली असतात तेव्हा. माझे सारे उत्तर या दोन गोष्टींभोवती आहे.

मूळ नाटकाकडे पुन्हा एकदा या दृष्टीने पाहा. १६०३ साली प्रथम छापले गेलेले हे नाटक आगरकरांनी १८८३ मध्ये 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणले, तेव्हापासून आपल्याकडे त्याची चर्चा मुख्यतः नायकाच्या स्वभावाची चर्चा म्हणून झाली: तो कचरतो का, विचार फार करतो का, आईवर रागावतो का. पण पहिल्या अंकात नायकाआधी आपल्याला भेटतात ते पहारेकरी. मार्सेलस नावाचा पहारेकरी विचारतो की रविवारसुद्धा न पाळता शस्त्रे का घडवली जात आहेत, एवढी घाई कशासाठी. पुढे डेन्मार्कच्या राज्यात काहीतरी सडले आहे, हे वाक्यही तोच उच्चारतो, आणि ते तो नायकाच्या वडिलांच्या भुताने खुनाची हकीकत सांगण्यापूर्वी उच्चारतो. म्हणजे खून उघड होण्याआधीच, ज्याला राजकारणातले काही कळण्याचे कारण नाही अशा साध्या शिपायाला वास आलेला आहे. खून हे सडण्याचे कारण नाही, त्याचे सर्वांत मोठे लक्षण आहे.

पुढे नायकाचा काका, नवा राजा क्लॉडियस दरबारात पहिले भाषण करतो, त्यात तो भावजयीशी केलेल्या विवाहाचे समर्थन देऊन थांबत नाही. सरदारांनी आपल्या शहाणपणाने या गोष्टीला साथ दिली, याबद्दल तो त्यांचे आभार मानतो. माझ्या मते सारे नाटक या आभारांत आहे. एका माणसाने खून केला, पण त्या खुनाचा लाभ पचवायला सारा दरबार मदतीला आला, आणि त्यातल्या बहुतेकांना खून झाला हे ठाऊकही नाही. दुसऱ्या अंकात हॅम्लेट एक तपशील सांगतो: वडील हयात असताना जे लोक काकाकडे पाहून तोंडे वेडीवाकडी करीत, तेच आता त्याच्या छोट्याशा चित्रासाठी वीस, चाळीस, पन्नास, शंभर डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, मोजतात. तुमच्या गावात त्या चित्राच्या जागी चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. त्यावर कोणाकोणाचे फोटो आहेत, वर्गणी कोणी दिली आणि मागच्या वर्षी त्याच खांबावर कोणाचा फ्लेक्स होता, एवढे नायकाला वाचू द्या. त्या फोटोंत त्याच्या बालमित्राचा फोटो असेल तर त्याला एकही वाक्य बोलावे लागणार नाही.

आता त्याच्या मनाकडे येऊ. 'जगावे की मरावे' हे स्वगत सर्वांना माहीत आहे, पण त्यातली एक गोष्ट क्वचितच कोणाच्या लक्षात येते. त्यात वडिलांचा उल्लेख नाही, काकाचा नाही, सूडाचाही नाही. त्यात यादी आहे ती जुलमी माणसाच्या अन्यायाची, गर्विष्ठाने केलेल्या अपमानाची, न्यायाला लागणाऱ्या विलंबाची, अधिकाऱ्यांच्या उर्मटपणाची आणि गुणी माणसाला नालायकांकडून मुकाट सोसाव्या लागणाऱ्या लाथांची. ही राजपुत्राची दुःखे नाहीत. न्यायासाठी खेटे घालणाऱ्या सामान्य प्रजाजनाची ही दुःखे आहेत, आणि राजपुत्र ती आपली म्हणून बोलतो आहे. वैयक्तिक सूडाचा प्रश्न त्याच्या डोक्यात केव्हाच मागे पडला आहे; एका माणसाला मारून हे सारे कसे थांबणार, या प्रश्नाने त्याला घेरले आहे. काळाचा सांधा निखळला आहे आणि तो बसवायला मी जन्मलो हा शाप आहे, असे तो पहिल्या अंकाच्या शेवटीच म्हणतो. तुमच्या नायकाला भित्रेपणा चिकटतो, कारण त्याच्यापुढे तुम्ही फक्त काका ठेवला आहे. काका संपवायला एक रात्र पुरते. काकाच्या खुर्चीला ज्यांनी खांदा दिला आहे त्या साऱ्यांचे काय करायचे, याचे उत्तर नसल्यामुळे तो थांबला आहे, हे प्रेक्षकाला दिसले की तोच थांबा जड वाटू लागेल.

ते दिसावे म्हणून मी तुम्हाला एक प्रवेश सुचवतो. धान खरेदी केंद्रावरचा काटा रंगमंचावर आणा. चुरणे आटोपले आहे, ट्रॅक्टर रांगेत आहेत. कट्टा, म्हणजे चाळीस किलो धानाचे पोते, काट्यावर चढतो, आकडा ४१ च्या थोडा पुढे जाऊन थांबतो, मापारी मोठ्याने 'चाळीस' म्हणतो आणि कारकून चाळीस लिहितो. शेतकऱ्याची नजर आकड्यावर आहे, मापाऱ्यावर नाही, कारण मापारी त्याच्याच मोहल्ल्यातला आहे आणि दोघांच्या घरचे एकमेकांच्या लग्नात जेवून आलेले आहेत. तो काही बोलला तर ओलावा १७ टक्क्यांच्या वर निघेल आणि माल परत न्यावा लागेल. ट्रॅक्टरचे भाडे पुन्हा पडेल. बारदाना, म्हणजे रिकामी पोती, संपला असे सांगितले तर आठ दिवस कट्टे उघड्यावर राहतील आणि त्यात अवकाळी पाऊस आला तर धानाला कोंब फुटतील. शेजारच्या काट्यावर व्यापाऱ्याचा माल कोणाच्या तरी सातबाऱ्यावर मोजला जात आहे आणि तो सातबारा देणाऱ्याला त्याचे पैसे मिळाले आहेत. या प्रवेशात एकही खलनायक नाही. प्रत्येकाजवळ कारण आहे आणि प्रत्येक कारण खरे आहे. आता नायकाला तिथे उभा करा, आणि रांगेत पुढचा कट्टा त्याच्या आईचा ठेवा.

इथे तुमच्या संहितेतली एक गोष्ट बदलावी लागेल. तुम्ही वडिलांना देवमाणूस केले आहे. तसे करू नका. मूळ नाटकातले भूत स्वतःच सांगते की आपण जिवंतपणी केलेली पापे जळून जाईपर्यंत आपल्याला आगीत राहायचे आहे. हॅम्लेट वडिलांना सूर्यदेवाच्या तोलाचा मानतो, पण वडील स्वतः तसे म्हणत नाहीत. तुमच्या नाटकात कट्ट्यामागे एक किलो जास्त घेण्याची पद्धत वडिलांच्याच काळात सुरू झालेली असू द्या. ती त्यांनी हमालांची मजुरी भागवण्यासाठी किंवा गोदामातील तूट भरून काढण्यासाठी सुरू केली असेल, हेतू चांगलाही असेल. पण त्याच एका किलोतून मुलाच्या नागपूरच्या खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे गेले, हे त्याला दुसऱ्या अंकात जुन्या वहीतून कळू द्या. काकाने फक्त तो आकडा वाढवला आणि जो आड आला त्याला बाजूला केले. हे कळल्यावर नायक कोणाचा सूड घेणार आहे, आणि कशाच्या बळावर? त्याचे शिक्षण, त्याची भाषा, अन्याय ओळखण्याची त्याची नजर, सारे ज्या पैशाने घडले तो पैसाच मापातल्या पापातून आला आहे. समाज नायकाच्या आत शिरतो तो असा, आणि इथून पुढे त्याचे प्रत्येक वाक्य दोन्ही बाजूंना कापत जाईल.

आपल्या मातीत हा विचार नवा नाही. दंडार या आपल्या लोकनाट्यात महाभारतातील आख्याने पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला भीष्म ठाऊक आहेत. युद्ध सुरू होण्याआधी युधिष्ठिर आशीर्वाद मागायला येतो तेव्हा भीष्म म्हणतात, 'अर्थस्य पुरुषो दासः', माणूस अर्थाचा दास आहे, आणि कौरवांनी मला अर्थाने बांधून ठेवले आहे. धर्म कोणत्या बाजूला आहे हे त्या माणसाला पूर्ण कळलेले आहे आणि तरी तो दुसऱ्या बाजूने उभा राहतो. तुमच्या नाटकातील वयस्क सचिवाला हे भान द्या. तो वाईट नाही, सारे समजतो, आणि तीस वर्षे सोसायटीचा पगार खाल्ला आहे एवढेच त्याचे उत्तर आहे. नायकाला त्याची चीड येईल आणि पुढच्याच क्षणी आपणही तेच अन्न खाल्ले हे आठवेल.

भ्रष्ट व्यवस्था प्रेमातून कशी पोचते हे हॅम्लेटची प्रेयसी ऑफिलिया हिच्या प्रसंगात पाहा, कारण तुमच्या नाटकातील नायिका अजून गाण्यापुरतीच आहे. तिसऱ्या अंकात तिचा बाप तिच्या हाती प्रार्थनेचे पुस्तक देतो, तिला दालनात फेऱ्या मारायला लावतो आणि राजासह आडोशाला लपून बसतो. बोलता बोलता हॅम्लेट एकाएकी विचारतो, तुझा बाप कुठे आहे? ती म्हणते, घरी. एवढेच उत्तर. ती मुलगी लबाड नाही, आज्ञाधारक आहे. आणि जिथे आज्ञाधारकपणासुद्धा हेरगिरीच्या कामी येतो तिथे शुद्ध राहायला जागा उरत नाही. तालमीत मी नटाला या प्रश्नानंतर हालचाल करू देत नाही. त्याने फक्त उत्तर ऐकायचे. कपाळावर आठ्या घालून, मुठी आवळून अंतर्द्वंद्व दाखवण्याची जी सवय आपल्या नटांना असते ती इथे मोडावी लागते, कारण प्रेक्षकाला चेहऱ्यावरचे दुःख नको असते, विश्वास तुटल्याचा क्षण हवा असतो. तुमच्या नायिकेचे वडील सोसायटीचे संचालक आहेत ना? मग ती वही कुठे लपवली आहे हे तिनेच नायकाला प्रेमाने विचारावे, आणि तिने ते का विचारले हे त्याच्या लक्षात यावे.

आता हत्यारांविषयी. ज्या दरबारात ऑफिलियाचा बाप पोलोनियस स्वतःच्या मुलावर पॅरिसमध्ये पाळत ठेवायला माणूस पाठवतो आणि राजा नायकाच्या दोन बालमित्रांना हेर म्हणून बोलावून घेतो, तिथे सत्य शोधायचे तर नायकालाही सोंगच घ्यावे लागते. तो वेडेपणा पांघरतो, नाटकाचा सापळा लावतो, पडद्यामागे लपलेल्या पोलोनियसवर न पाहता तलवार चालवतो. राजा प्रार्थनेत गुडघे टेकून बसलेला असताना तो त्याला मारत नाही, आणि त्याचे कारण दया नसते: प्रार्थनेत मेला तर तो स्वर्गाला जाईल, म्हणून त्याला पाप करताना गाठू, असा हिशेब तो करतो. त्याच प्रवेशात राजा स्वतःशी कबूल करतो की या बिघडलेल्या जगात सोन्याने मढलेला गुन्हेगार हात न्यायाला बाजूला ढकलतो आणि लुटीचा पैसाच कायदा विकत घेतो. आणखी पुढे, इंग्लंडच्या वाटेवर, हॅम्लेट राजाचे पत्र बदलून त्या दोन मित्रांना मृत्यूच्या तोंडी देतो आणि त्याबद्दल मनाला काही टोचत नाही असे सांगतो. पत्र बदलणे, मोहोर लावणे, दुसऱ्याच्या हातून माणूस मारणे, ही सारी काकाचीच विद्या आहे. मला हे वाक्य साऱ्या नाटकातील सर्वांत भयंकर वाटते, कारण एवढा विचार करणारा माणूस इथे विचार करायचा थांबला आहे. तुमच्या नायकानेही काकाविरुद्ध पुरावा मिळवण्यासाठी कोणा गरिबाला खोटी सही करायला लावावी, आणि त्या गरिबाची पुढे जी वाताहत होते ती रंगमंचावरच व्हावी.

मराठीत याच्या शेजारी ठेवण्याजोगे उदाहरण म्हणजे 'एकच प्याला'तील सुधाकर. ते लिहिणाऱ्या गडकऱ्यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी आपल्या सावनेरला झाले. सुधाकराला न्यायालयातील अपमान सोसत नाही, आणि नेमक्या त्या दुखऱ्या जागी तळीराम पेला पुढे करतो. पुढे मद्यपींचे अख्खे मंडळ त्याला सामावून घ्यायला तयार असते. मात्र तिथे समाज मुख्यतः मोहाच्या रूपाने येतो, तुमच्या नाटकात तो उपकारांच्या रूपाने यायला हवा, म्हणून त्याचा फार आधार घेऊ नका.

एक धोका सांगितला पाहिजे. समाजाने नायकाला घडवले हे दाखवताना त्याच्या हातून घडलेल्या गोष्टींचा भार समाजावर टाकून मोकळे होऊ नका. शोकनायक पूर्ण सज्जन नसावा आणि दुष्टही नसावा, त्याचा ऱ्हास त्याच्या स्वतःच्या एखाद्या चुकीतून व्हावा, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे आणि ते आजही खरे आहे. पोलोनियसवर तलवार चालवणारा हात हॅम्लेटचाच आहे. शिवाय त्याच दरबारात हॅम्लेटचा मित्र होरेशिओ वावरतो आणि तो सडत नाही. का? तो गरीब आहे, त्याच्याजवळ देण्यासारखे काही नाही आणि दरबाराकडून त्याला काही घ्यायचेही नाही. त्याच्यावर व्यवस्थेची पकड नाही, म्हणून त्याच्या मनात द्वंद्वही नाही. मात्र हा होरेशिओ आपल्या गावात जसाच्या तसा आणता येत नाही. तुम्ही तो शेतमजूर केला आहे, पण आपल्याकडे गरिबाभोवतीच पकड सर्वांत घट्ट असते. रोवणीचे काम, रोजगार हमीची हजेरी, घरकुलाच्या यादीतील नाव, सारे त्याच माणसांच्या हातात असते. होरेशिओ शोधायचा तर ज्याची भाकरी गावाबाहेरून येते असा माणूस शोधा. निवृत्त पोस्टमन चालेल. त्याला पेन्शन आहे, साऱ्या गावाची पत्रे आणि मनीऑर्डरी त्याच्या हातून गेल्या आहेत, आणि खरे बोलल्याने त्याचे काही अडत नाही.

झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, प्रयोगाविषयी थोडेसे. मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रेच्या, दिवसांत रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या प्रयोगात लांब स्वगते टिकत नाहीत, आणि दिग्दर्शकाची तक्रार त्यामुळेही असेल. चार पानांचे स्वगत काढा आणि त्याऐवजी नायकाला दर प्रवेशात काहीतरी करायला निघू द्या. प्रत्येक वेळी त्याला अडवणारा माणूस वेगळा असावा आणि त्याचे कारण खरे असावे. आई त्याला नीतीच्या गोष्टी सांगून अडवणार नाही. ती म्हणेल, 'चुकारे येऊ दे बाप्पा, मंग बोलजो.' हे एक वाक्य अर्ध्या पानाच्या स्वगताचे काम करते, कारण समोर बसलेल्या प्रत्येक घरात कोणीतरी चुकाऱ्यांची, म्हणजे विकलेल्या धानाच्या पैशांची, वाट पाहत आहे. विनोदी पात्रेही कथानकाबाहेर ठेवू नका. मूळ नाटकातील थडगे खोदणारे दोघे हसवता हसवता सांगून जातात की बुडून मेलेली ऑफिलिया मोठ्या घरची नसती तर तिला धर्मविधीने मूठमाती मिळाली नसती. आपल्या विनोदी नटांजवळ असे बोलण्याची ताकद आहे; त्यांना फक्त तसे वाक्य लिहून द्यावे लागते. बोडीवर पंचनामा करायला आलेल्या दोघांच्या तोंडी ते द्या.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण तो याच प्रश्नाचा भाग आहे. मूळ नाटकात सूड पूर्ण होतो आणि राज्य नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास याच्याकडे जाते. हॅम्लेटच्या वडिलांनी ज्याच्या बापाला द्वंद्वात मारून जमीन जिंकली, त्याच्याच हाती सारा देश आयता पडतो, आणि मरता मरता हॅम्लेट त्यालाच आपले मत देतो. म्हणजे रोग काढायला गेलेल्या माणसाने घरच परक्याच्या हवाली केले. तुमच्या नाटकात काका आणि नायक दोघेही संपल्यावर सोसायटीच्या खुर्चीवर कोण बसतो, हे संहितेत कुठेच नाही. तालुक्याहून आलेला व्यापारी बसतो, नायिकेचे वडील बसतात, की प्रशासक नेमला जातो? या तिन्ही शेवटांत नायकाच्या मरणाचा अर्थ वेगवेगळा होतो आणि त्याप्रमाणे मागच्या दोन अंकांत त्याने कोणाशी हातमिळवणी केली तेही बदलते. आधी ते ठरवा. मग त्या नव्या अध्यक्षाला पहिल्या अंकातील काट्याच्या प्रवेशात रांगेच्या कडेला कुठेतरी उभा करा, एक-दोन वाक्ये द्या, आणि तिसरा अंक त्यानंतरच पुन्हा लिहायला घ्या. नवी संहिता तयार झाली की पाठवा. काट्याचा प्रवेश आणि वही सापडण्याचा प्रवेश मी प्रथम वाचीन.